न्यूट्रलमध्ये उभी गल्ली

२ फेब्रुवारी, सोमवार

बुटांच्या दुकानात बाराशे खोकी माझ्या ताब्यात होती आणि सात वर्षांत एकही जोडी चुकीच्या खोक्यात गेली नाही, असं मी आज मुलाखतीत सांगितलं. उद्यानाचे अधीक्षक साहेब म्हणाले, "खोकं ठेवलं तिथंच राहतं. गाडीचं तसं नसतं."

मी म्हणालो, "गाडीला ब्रेक असतो, साहेब."

त्यांनी माझा अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग टेबलाच्या खणातून शिट्टी काढून दिली. म्हणजे मी लागलो.

पदाचं नाव : वाहतूक व पार्किंग सहाय्यक (तात्पुरता). मुदत तीन महिने. उद्यानात या दिवसांत तीन मोठे कार्यक्रम असतात, ते नीट पार पडले तर पद कायम होऊ शकतं. अर्जात शिक्षणाच्या रकान्यात ‘नववी (अपूर्ण)’ लिहिलं. ‘अपूर्ण’मधला पू दीर्घ असल्याची खात्री करून घेतली.

दुकान बंद झाल्यापासून नऊ महिने मी घरी होतो. घरात मी आणि ताई. ताई इस्पितळाच्या धुलाई विभागात आहे. तिला दुसऱ्या शहरात परिचारिकेच्या शिक्षणासाठी जागा मिळाली आहे. येणार की नाही, हे पंधरा मार्चपर्यंत कळवायचं आहे. उत्तराच्या पाकिटासकट ते पत्र तिने आरशामागे खोचून ठेवलंय. म्हणते, "तुझं पक्कं झालं तर जाईन. नाहीतर तू एकटा इथे डबे अक्षरानुसार लावत बसशील आणि जेवायचं विसरशील."

हे बोलणं मला लागलं. डबे अक्षरानुसारच लावलेले आहेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस टेप घेऊन मोजमाप केलं. उद्यान शहराच्या अगदी मध्यात आहे. तीन बाजूंना मोठे रस्ते, तिथे गाडी थांबवायलाही बंदी. आत बँडस्टँडजवळच्या मैदानात साठ गाड्या मावतात. बाकी सगळी भिस्त चौथ्या बाजूच्या मागच्या गल्लीवर. तिथे सेहेचाळीस कुटुंबं राहतात आणि एकाच्याही घराला गॅरेज नाही. गल्ली लांब, सरळ आणि इतकी सपाट की मी मधोमध गोटी ठेवून पाहिली, ती हलली नाही.

मागच्या दारावर रखवालदार काका असतात. एकतीस वर्षं त्याच स्टुलावर. त्यांना नकाशा दाखवला. दोन रंगांत काढला आहे. ते म्हणाले, "छान आहे. माणसं कुठायत?"

म्हटलं, हा गाड्यांचा नकाशा आहे.

"तेच म्हणतोय," काका म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

माझी केबिन मागच्या दाराशीच आहे, एक खिडकी, एक खुर्ची. दुपारी उद्यानाचा पाण्याचा टँकर बरोबर खिडकीसमोर येऊन उभा राहिला, मला बाहेरचं काही दिसेना. टँकर एक मुलगी चालवते. मी बाहेर जाऊन सांगितलं की ही जागा वाहन उभं करण्याची नाही. "अगंबाई, चुकलंच की!" म्हणाली आणि तो अवाढव्य टँकर एका दमात दोन झाडांमधून मागे नेला, खोडाला पानाएवढाही धक्का नाही. एवढं चांगलं चालवणाऱ्या माणसाकडून अशी चूक कशी होते कळत नाही. नोंद केली.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिला कार्यक्रम. कुत्र्यांचं प्रदर्शन.

मैदान सव्वादहालाच भरलं. कुत्री शिस्तीत होती. मालकांबद्दल तसं म्हणता येणार नाही. मग पाहुण्यांच्या गाड्या मागच्या गल्लीत वळवल्या आणि अकराच्या सुमाराला मी माझ्या डोळ्यांनी चोरी पाहिली.

एक मध्यमवयीन गृहस्थ भर दिवसा एक गाडी ढकलून नेत होते. गाडीत कुणी नाही, काचा बंद. मी पूर्ण ताकदीने शिट्टी वाजवली. उद्यानातली दीडशे कुत्री एकदम भुंकायला लागली. मी धावत जाऊन त्या गृहस्थांचा हात धरला.

"ही गाडी तुमची आहे का?"

"नाही," ते म्हणाले.

"मग का ढकलताय?"

"माझी मागे अडकलीय म्हणून! सोड हात. दवाखान्यात पेशंट आ वासून बसलाय."

ते दातांचे डॉक्टर निघाले, याच गल्लीत राहतात. तोवर दारादारांतून माणसं बाहेर आली होती. शेवटी एका जिन्यावरून एक वयस्कर बाई उतरल्या आणि सगळे गप्प झाले. या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, गल्लीच्या समितीच्या अध्यक्षा. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात.

"मुला, हात सोड त्यांचा," बाई म्हणाल्या. मी सोडला. "तुला कुणी सांगितलं नाही का?"

मग त्यांनीच सांगितलं. गल्लीत जागा कमी, म्हणून गाड्या दोन रांगांत लागतात. भिंतीलगतची पहिली रांग कुलूपबंद. तिच्या शेजारी दुसरी रांग, पण दुसऱ्या रांगेतल्याने हँडब्रेक ओढायचा नाही, चाकं सरळ ठेवायची आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडून जायचं. आतल्याला निघायचं असेल तेव्हा तो समोरची गाडी हाताने पुढे ढकलतो, फट करतो आणि निघून जातो. पंचवीस वर्षं असंच चाललंय. विचारायचं नाही, सांगायचं नाही. सकाळी आपली गाडी कुठवर गेली ते चालत जाऊन बघायचं.

खुद्द बाईंची एक फिकट निळी गाडी आहे. यजमान गेल्यापासून ती सहा वर्षांत एकदाही सुरू झालेली नाही. पण न्यूट्रलमध्ये असते, त्यामुळे गल्लीभर फिरते. "मागच्या आठवड्यात पार त्या टोकाला गेली होती," बाई म्हणाल्या. ते त्यांनी, माहेरी जाऊन आलेल्या मुलीबद्दल सांगावं, तसं सांगितलं.

मी डॉक्टरांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "शिट्टी मात्र दणदणीत वाजवतोस."

९ फेब्रुवारी, सोमवार

झोप नाही. गल्लीत एकूण वीस-पंचवीस गाड्या ब्रेकशिवाय उभ्या आहेत आणि कुणालाच काही वाटत नाही. दुकानात मी एक खोकंसुद्धा कडेपासून चार बोटं आत ठेवत असे.

टँकर पुन्हा खिडकीसमोर. तिसरी वेळ. ती म्हणाली, "काय सहाय्यक साहेब, काल म्हणे डॉक्टरांना पकडलंत?" मी म्हणालो, आधी टँकर हलवा. नोंद केली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय घेतला. गल्लीसाठी सूचना लिहिली आणि सेहेचाळीस प्रती हाताने काढल्या. ‘सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्व वाहनधारकांनी, वाहन कोणत्याही रांगेत असो, हँडब्रेक ओढावा व वाहन गिअरमध्ये ठेवावे.’

ताई म्हणाली, "त्यांचं चाललंय ना पंचवीस वर्षं? मग?"

मी म्हटलं, अपघात सांगून होत नाही.

तरी ती सूचनांच्या घड्या घालायला बसली माझ्याबरोबर. इस्पितळात दिवसाला तीनशे चादरींच्या घड्या घालते, तिच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ आल्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बाईंना सूचना द्यायला गेलो. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. पेन्सिल कुठेच टेकली नाही.

"किती शिकलास?"

"नववी. अपूर्ण."

"कुणी शिकवलं लिहायला?"

"खोक्यांवरची लेबलं लिहायचो. चुकलं की मालक परत लिहायला लावायचे."

बाईंनी कागद खाली ठेवला. "अशी सूचना उद्यानाकडून पहिल्यांदाच येतेय. पाळायला सांगते मी सगळ्यांना."

इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. काकांना आनंदाने सांगितलं. ते म्हणाले, "पाळणार म्हणाल्या? सगळे?" आणि स्टुलावरून उठून उभे राहिले. काकांना उभं राहिलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुसरा कार्यक्रम. शाळांच्या बँडपथकांची स्पर्धा.

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं पाहिजे.

गल्लीने सूचना पाळली. एकूण एक गाडीने. दुसऱ्या रांगेत आलेल्या पाहुण्यांकडूनही मी स्वतः हँडब्रेक ओढून घेतला, काच वर आहे का पाहिलं, धन्यवाद म्हटलं. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गल्ली भरली आणि त्यानंतर साडेतीन तास तिच्यातली एकही गाडी कुठल्याही दिशेला हलू शकली नाही.

दातांचे डॉक्टर एका पेशंटला बधिर करायचं इंजेक्शन देऊन, तेवढ्यात चष्मा घेऊन येतो म्हणून घरी आले होते. ते अडकले. ढोल-ताशांचा ट्रक गल्लीत अडकला आणि गाड्यांच्या फटीतून ढोल घेऊन पुढे जाता येईना, त्यामुळे पथक मैदानात पोचेना. परीक्षक मैदानात, वाजवणारी मुलं गल्लीत. शेवटी मुलांनी ट्रकमधली वाद्यं काढली आणि तिथेच वाजवायला सुरुवात केली. सेहेचाळीस घरांच्या खिडक्यांसमोर, दोन तास, एकच गाणं, कारण त्यांनी एकच बसवलं होतं.

मी दोन्ही रांगांच्या मधून इकडून तिकडे पळत होतो. कुणी मला मारलं नाही. उलट एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तुम्ही लिहिलंत तसंच केलंय हं आम्ही." त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

पाहुणे परत आले तेव्हा कुठे सुटलं सगळं. टँकरवाली संध्याकाळी केबिनपाशी आली, टँकर आणला नव्हता. पाण्याची बाटली खिडकीत ठेवली आणि गेली. बाटली कुणाची, परत कुठे द्यायची, काहीच सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या दाराशी तक्रार वही असते. तिच्यात काल अकरा तक्रारी. साहेबांनी वही समोर ठेवून मला बोलावलं.

"ठेकेदार येऊन गेला," ते म्हणाले. "गल्लीच्या तोंडाला आपोआप उघडणारा अडसर बसवून देतो म्हणतो. त्याला पगार लागत नाही, शिट्टीही लागत नाही."

मी उभा होतो.

"पण मला एक सांग. सहा वर्षं झाली मला इथे. ही गल्ली माझं ऐकत नाही. फुलं तोडू नका लिहिलं, तोडतात. कुत्री आणू नका लिहिलं, आणतात. तुझं ऐकलं. कसं?"

"सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, साहेब."

साहेबांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, आठ मार्चचं पुष्पप्रदर्शन हा शेवटचा कार्यक्रम. मोठे पाहुणे येणार आहेत. त्या दिवशी तक्रार वहीत पार्किंगची एकही तक्रार नसेल, तर पद कायम. एक जरी असली, तर नऊ तारखेला अडसर बसेल आणि मी पुन्हा घरी.

दाराशी काकांना आणि घरी ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आरशासमोर उभी राहून केस विंचरत राहिली. आरशामागचं पाकीट थोडं वर आलं होतं, ते तिने बोटाने आत ढकललं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस नुसता गल्लीत बसलो. शिट्टी खिशात, टेप खिशात. काकांच्या शेजारी दुसरं स्टूल टाकून.

"बघ आता," काका म्हणाले. "ती लाल गाडी. साडेआठला निघते. तिच्यासमोरची गाडी एक घरभर पुढे सरकणार. मग शिक्षकांची स्कूटर त्या फटीतून. मग डॉक्टर." सगळं तसंच झालं. कुणी कुणाला हाक मारली नाही. एका मुलीने शाळेचं दप्तर टपावर ठेवून एका हाताने गाडी ढकलली, आणि दुसऱ्या हातातली पोळी खात राहिली.

ही एक मोठी वाहती रांग आहे. खोकी सरकतात, पण क्रम बदलत नाही. पुढची पुढेच राहते, मागची मागेच. हे कळल्यावर माझा जीव एकदम भांड्यात पडला. क्रम कायम असेल तर नोंद ठेवता येते. नोंद ठेवता आली तर मी सांभाळू शकतो.

"काका, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. तू मोजत होतास."

५ मार्च, गुरुवार

नवी सूचना. ‘पुष्पप्रदर्शनाच्या दिवशी दुसऱ्या रांगेतील वाहन न्यूट्रलमध्ये, चाके सरळ व हँडब्रेक सोडून ठेवावे. वाहन थोडे पुढे आढळल्यास घाबरू नये.’ पाहुण्यांसाठी मोठी पाटी केली, दोन्ही टोकांना लावणार. दुसऱ्या रांगेतल्या प्रत्येक गाडीचा क्रमांक आणि वेळ वहीत लिहीत जाणार, कुठली फट कधी झाली तेही.

बाईंनी वाचली. "‘थोडे’ म्हणजे किती?"

"जास्तीत जास्त पाच घरं."

"मग तसं लिही. मोघम लिहू नये."

लिहिलं. जाताना त्यांनी सहज विचारलं, "तक्रार वही रविवारी किती वाजता उघडते?"

नऊला, म्हटलं. त्यांनी मान हलवली. बँडच्या दिवशी बाईंनी तक्रार केली नव्हती. म्हणजे ती राहून गेली होती तर.

टँकर आज पुन्हा खिडकीसमोर. मला बोलायचं त्राण नव्हतं, मी नुसता आत बसून राहिलो. थोड्या वेळाने तिनेच हॉर्न वाजवला. बाहेर गेलो. "बरं नाही का?" म्हणाली. "आज ओरडला नाहीत." म्हटलं, रविवारची काळजी आहे. "मी आहे ना गल्लीच्या तोंडाला," म्हणाली, "पाणी मारायला." पाणी मारण्याचा आणि माझ्या काळजीचा संबंध लागला नाही, पण बरं वाटलं. चूक क्रमांक अकरा. नोंद करायची राहिली, आता करतो.

८ मार्च, रविवार

सविस्तर लिहितो, कारण हे उद्या लागेल.

नऊ वाजता बाई आल्या. हातात पाण्याचा तांब्या, चष्म्याची पेटी, दोन पेनं. तक्रार वहीच्या टेबलाशी बसल्या आणि लिहायला लागल्या. दर थोड्या वेळाने मान वर करून माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा लिहायच्या. दहापर्यंत चार पानं झाली. माझ्याबद्दल चार पानं भरतील इतकं मी काय केलं, हे आठवत मी गाड्या लावत होतो.

गाड्या मात्र पाण्यासारख्या चालल्या. खरंच. अकरापर्यंत दुसऱ्या रांगेत एकोणतीस. पहिल्या रांगेतून नऊजण बाहेर पडले, दर खेपेला रांग दीड गाडीभर पुढे सरकली. आतल्या फटीत नवा कुणी शिरला की मी लिहून घेत होतो. पाहुणेमंडळी पाटी वाचून हसली, गाडी न्यूट्रलमध्ये सोडून गेली. एका आजोबांनी तर हौसेने तीन गाड्या ढकलल्या, त्यातली एकही त्यांची नव्हती.

बारा वाजून पाच मिनिटांनी एक ड्रायव्हर रडकुंडीला येऊन माझ्याकडे धावत आला.

"साहेबांची गाडी गेली!"

मोठ्या पाहुण्यांची. त्यांच्यासाठी समोरच्या दाराशी राखीव जागा होती, पण तिथे ऊन. ड्रायव्हरने सावली बघून गाडी गल्लीत आणली, पाटी वाचली आणि आज्ञाधारकपणे न्यूट्रलमध्ये सोडून फुलं बघायला गेला. आता तिथे एक भाजीचा टेम्पो उभा होता.

पाहुण्यांचे सचिव आले. साहेब आले, चेहरा पांढरा. सचिव म्हणाले, पोलिसांना बोलवा, शहरात नाकाबंदी करा. साहेब माझ्याकडे बघत होते.

मी वही उघडली. आकड्यांवरून बोट नेलं. गाडी दहा पंचेचाळीसला, बाविसाव्या घरासमोर. त्यानंतर पहिल्या रांगेतून सहा गाड्या गेल्या. दर खेपेला दीड, म्हणजे नऊ गाड्यांची लांबी. दोन घरांना तीन गाड्या. मी म्हणालो, "साहेब, अठ्ठाविसाव्या घरासमोर असेल. डॉक्टरांच्या."

"असेल म्हणजे?" सचिव ओरडले.

"बाईंच्या निळ्या गाडीच्या पुढे. त्या दोघींचा क्रम बदलत नाही."

आम्ही सगळे चालत गेलो. अठ्ठाविसाव्या घरासमोर, बरोबर दारासमोर, गाडी उभी होती. मागे बाईंची निळी. काच वर, ओरखडा नाही. डॉक्टर दाराशी उभे होते, म्हणाले, "ही कुणाची? छान आहे हो. फार हलकी ढकलली जाते."

मोठे पाहुणे आमच्यामागून सावकाश चालत आले. चांगलेच वयस्कर आहेत. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे या सगळ्या अशाच उभ्या आहेत? ब्रेक न लावता?" हो म्हटलं. ते म्हणाले, "आणि कुणी कुणावर आदळत नाही. कमाल आहे."

सचिवांना मात्र कमाल वाटली नाही. ते तडक तक्रार वहीकडे गेले. मी मागे.

"वही द्या," सचिव म्हणाले.

बाईंनी मान वर केली नाही. "रांगेत या."

"रांगेत कुणीच नाही!"

"मी आहे. माझं चाललंय."

"किती वेळ?"

"अजून एक्क्याहत्तर राहिलेत," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

एक्क्याहत्तर काय, ते मला कळलं नाही. माझ्या एक्क्याहत्तर चुका? सचिव घड्याळ बघत दहा मिनिटं उभे राहिले. एकदा त्यांनी वहीला हात लावला. बाई फक्त म्हणाल्या, "हात." सचिवांनी हात मागे घेतला आणि पाठीमागे बांधला. मग पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला उशीर होत होता म्हणून गेले. गल्लीच्या तोंडाला टँकरवालीने रस्त्यावर पाणी मारून ठेवलं होतं आणि टँकर आडवा लावून बाकीच्या गाड्या थोपवल्या होत्या. पाहुण्यांची गाडी विनाअडथळा बाहेर पडली. टँकर आडवा लावायला मी सांगितलं नव्हतं. तरी आजची नोंद केली नाही.

सहा वाजता प्रदर्शन संपलं. बाई उठल्या, बोटं मोडली, वही मिटली. "झालं," म्हणाल्या. "शेवटचं एक पान कोरं आहे. आता कुणी येणार नाही." आणि गाडी बघायला गल्लीत गेल्या.

दुसऱ्याची तक्रार वाचू नये, म्हणून मी आधीची पानं उघडली नाहीत. पण त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिलो. साहेब म्हणाले होते, एकही तक्रार नको. सचिवांची तक्रार खरी होती. पाटीवर ‘जास्तीत जास्त पाच घरे’ लिहिलं होतं आणि गाडी सहा घरं गेली. माझा हिशेब एका घराने चुकला. त्यांना वही मिळाली नाही म्हणून चूक नाहीशी होत नाही. दुकानात एखादी जोडी चुकली असती आणि गिऱ्हाईक परत आलं नसतं, तरी खोक्यात ती चुकीचीच राहिली असती.

मी पेन घेतलं.

काका मागे येऊन उभे. "काय करतोस?"

"तक्रार लिहितोय."

"कुणाची?"

"माझी."

काका स्टुलावर बसले. "अरे, नऊ तास त्या बाईंनी..." म्हणाले आणि कपाळावर हात मारला. नऊ तास बाईंनी काय केलं ते मी बघितलंच होतं.

घरी येऊन ताईला सांगितलं, कारण लपवून ठेवणं बरोबर नव्हतं. जागा तिची जाणार होती. मला वाटलं, आता ओरडेल. ती उठली आणि इस्त्री तापत ठेवली. "शर्ट दे," म्हणाली. "उद्या साहेबांसमोर चुरगळलेला जाऊ नकोस."

९ मार्च, सोमवार

साहेब वही वाचत होते. मी पाच पावलं लांब उभा. ते वाचत होते, पान उलटत होते, पुन्हा वाचत होते. शेवटी म्हणाले, "उद्यानात एकशे अठरा बाक आहेत, हे तुला माहीत होतं?"

"नाही, साहेब."

"बाईंनी प्रत्येकावर लिहिलंय. क्रमवार. कुठली फळी टोचते, कुठल्यावर सावली कधी येते. त्रेचाळिसाव्याबद्दल लिहितात, 'यावर बसलं की उठावंसं वाटत नाही, ही तक्रार समजू नये.'" त्यांनी पानं चाळली. "बावीस पानं बाक. पार्किंगबद्दल एक अक्षर नाही. आणि मग शेवटचं पान."

मी मान खाली घातली.

"हे अक्षर तुझं."

"हो, साहेब."

"स्वतःविरुद्ध तक्रार तू स्वतः केलीस?"

"दिवसभर दुसऱ्या कुणाला वही मिळाली नाही, साहेब."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, खिडकीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, फारच रागावले. बऱ्याच वेळाने वळले तेव्हा डोळे पुसत होते.

"हे बघ," म्हणाले. "तक्रार पाहुण्याने करायची असते, नाहीतर रहिवाशाने. कर्मचारी आपल्या कामात काय चुकलं, किती चुकलं, पुढच्या वेळी काय करणार, असं लिहून देतो, तेव्हा त्याला तक्रार म्हणत नाहीत. अहवाल म्हणतात. सहा वर्षांत मला इथे मिळालेला हा पहिला आहे." त्यांनी पानावर शिक्का मारला. ‘अहवाल प्राप्त.’ "ठेकेदाराला कळवतो, अडसर नको म्हणून."

साहेब बोलत राहिले. "आता निवांत. मेमध्ये धावण्याची शर्यत आहे. तीन हजार माणसं, सगळी पायी. गाड्यांचा प्रश्नच नाही."

"साहेब," मी म्हणालो, "धावायला येणारा माणूस घरून धावत येत नाही."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या नकाशाकडे. मग समोरच्या खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या.

"बस," म्हणाले.

घरी आलो तर पाकीट आरशामागे नव्हतं. ताई म्हणाली, "सकाळीच टाकलं पेटीत. येते म्हणून कळवलं."

"सकाळी? साहेबांनी अजून सांगितलंही नव्हतं!"

"रात्री तुझं ऐकलं ना," ताई म्हणाली, "तेव्हाच म्हटलं, आता हा एकटा राहील."

माझी तक्रार ऐकून ती निर्धास्त कशी झाली, हे मी दोनदा विचारलं. तिने पोळपाट पुसायला घेतला.

२८ मार्च, शनिवार

ताई गेली.

तिची ट्रंक जड. टँकरवाली म्हणाली, पाणी भरायला त्याच बाजूला जायचंय, टँकर रिकामाच आहे, चला. वाट वाकडी होत नाही ना, हे मी नकाशात पाहून घेतलं. होत नव्हती. पुढे तिघांची जागा. ताई मध्ये बसली, मी दाराशी, ट्रंक पायाशी. वाटभर त्या दोघीच बोलत होत्या. ताई म्हणाली, "याला जेवलास का म्हणून विचारावं लागतं, नाहीतर विसरतो." ती म्हणाली, "विचारीन की." मी इथेच बसलो आहे, असं दोघींना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

बस सुटताना ताईने खिडकीतून माझ्या केसांवरून हात फिरवला. सगळ्यांसमोर. बस दिसेनाशी होईपर्यंत थांबलो. नंतरही थोडं थांबलो. टँकरवाली गाडी सुरू करून बसली होती.

परत येताना आम्ही दोघंच. पहिला सिग्नल लाल होता. ती समोर बघत म्हणाली, "मधली जागा मोकळी आहे."

मी पाहिलं. खरंच मोकळी होती. म्हटलं, "हो, पण दोघांनीच बसायचं तर एक या टोकाला, एक त्या टोकाला, म्हणजे वजन..."

"सिग्नल सुटायच्या आत ठरव," ती म्हणाली.

तिने मला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. सिग्नलवर आठ सेकंद राहिले होते. मला एवढे लागले नाहीत.